गवताचं पारडू

माझ्या वडिलांना, आबांना, जगातली कुठलीही नवी गोष्ट म्हशीवरून समजायची. हे मी कौतुकानं सांगत नाही. त्यांच्या या सवयीचा मला लहानपणापासून वैताग होता. घरी पहिल्यांदा गॅस आला तेव्हा माय शेगडी पेटवायला घाबरत होती. आबा म्हणाले, पहिलटकर म्हशीच्या कासेला हात लावतेस तसं कर, हळू पण न थांबता, घाबरलीस की ती लाथ मारते. मायनं तसं केलं आणि गॅस पेटला. माझ्या लग्नात त्यांनी भर मांडवात माझ्या सासूबाईंना सांगितलं की नवीन जनावर आणलं की काही दिवस त्याला एकटं सोडायचं नाही आणि हाक जुन्याच नावानं मारायची. सासूबाई हसल्या. मला मांडवातून उठून जावंसं वाटलं. पण सासरी त्या पहिल्या दिवसांत मला माझ्या माहेरच्या नावानं हाक मारणारी ती एकच बाई होती, हेही खरं आहे.

करोना आला तेव्हा आमचं गाव अजून थट्टा करत होतं, आणि आबांनी ओट्यासमोर चुना टाकून ठेवला होता. मी शहाद्याहून आले तर मला ओट्यावरच बसवलं, ताटसुद्धा लांबून सरकवलं. लाळ-खुरकत आली की बाहेरून आलेलं जनावर आधी वेगळं बांधायचं, एवढं त्यांना ठाऊक होतं आणि तेवढं पुरलं.

मी शहाद्याला एका शाळेत विज्ञान शिकवते. हृदय म्हणजे पंप, डोळा म्हणजे कॅमेरा, असं वर्षानुवर्षं पोरांना सांगत आले आहे. त्यामुळे आबांना हसायचा मला फारसा अधिकार नव्हता. तरी मी हसायची, आणि हसून झालं की चिडायची.

या सगळ्याच्या मुळाशी एक जुनी आठवण आहे. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. आमच्या एका म्हशीचं पारडू जन्मून थोड्याच दिवसांत मेलं. म्हशीनं पान्हा चोरला. आचळाला हात लावला की ती पाय झाडायची, दूध उतरू द्यायची नाही, आणि कास नुसती तटतटून दगड झाली होती. आबांनी त्या पारडाचं कातडं काढवून घेतलं, त्यात वाळलं गवत भरलं, काड्यांचे चार पाय केले आणि ते म्हशीसमोर उभं केलं. याला भोत म्हणतात. डोळ्यांच्या जागी दोन भोकं होती. म्हशीनं ते हुंगलं आणि चाटायला लागली. ती चाटत राहिली आणि आबा खाली बसून धार काढत राहिले. 

"आबा, तिले कळत नही का?" मी विचारलं होतं.

आबा बादलीवरची मान वर न करता म्हणाले, "कळत व्हई. पन तिले बी कोनले तरी चाटाले जोयजे."

त्या दिवशी मी दूध प्यायले नाही. मायसुद्धा त्या दिवसांत चहा कोराच प्यायची.

आता मामाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं. मायला एकच भाऊ. तिचं माहेर तापीच्या पल्याड, पूल ओलांडला की अर्ध्या तासावर. आमच्या भागात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात. निंबाला झोके बांधतात, आमरस-सांजोऱ्या होतात, वर्षभर डोक्यावरचा पदर न काढलेल्या बाया त्या दिवसांत आपल्या आईच्या अंगणात मोकळ्यानं ओरडतात. मामा दर आखाजीला बहिणीला न्यायला यायचा. उंच, गोरा, सडसडीत, मिशी नाही, कपड्याला नेहमी नीळ दिलेली आणि डोक्यावर कडक टोपी. एका वर्षी तो आला तेव्हा गोठ्यात म्हैस व्यायला टेकली होती. आबांनी सांगितलं, यंदा नही धाडनार. मामानं आधी हसून घेतलं, मग समजावलं, मग त्याचाही आवाज चढला. ओट्यावर चार माणसं बसली होती, त्यांच्यादेखत तो म्हणाला, "पाव्हना, तुमले मन्ही बहीन बी म्हैसच वाटस का?"

आबांनी खुंटीवरची त्याची टोपी घेतली आणि अंगणात फेकली. ती उडाली ती थेट शेणाच्या पाटीजवळ जाऊन पडली. ज्या माणसाची टोपी सासऱ्यानंही कधी हलवली नसेल, त्याची टोपी बहिणीच्या नवऱ्यानं शेणात टाकली. मामा ती न उचलता बोडक्यानं फाट्यापर्यंत चालत गेला. मी मायच्या मागे उभी होते. तिच्या हातात त्याच्यासाठी भरलेला पाण्याचा तांब्या होता.

तो पुन्हा आमच्या दारात आला नाही. माय पुन्हा आखाजीला गेली नाही. भाऊबीजेला ती अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायची. ज्यांना भाऊ नाही त्या बाया चंद्राला ओवाळतात. नदीच्या पलीकडे हिचा भाऊ हातीपायी धड होता, आणि ही चंद्राला ओवाळत होती. आबा तेव्हा गोठ्यात काहीतरी काम काढून बसायचे. मला या गोष्टीचा त्यांच्यावर राग होता आणि तो मी कधी लपवला नाही. मामा वारला तेव्हा माय एका दिवसासाठी जाऊन आली. नंतर मामी आपल्या लेकीकडे सुरतेला निघून गेली, आणि मायच्या माहेराच्या घराला कुलूप लागलं.

मायचं विसरणं सुरू झालं ते आधी आमच्या लक्षात आलं नाही. भाजीत मीठ दोनदा, कधी नाहीच. मग एक दिवस ती फाट्यावर जाऊन एसटीत बसली. कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं तर तिनं माहेरचं नाव सांगितलं, पण गाडी उलटीकडची होती. शहाद्याच्या स्टँडवर ती मला सापडली. कंट्रोलरच्या खिडकीखाली फरशीवर बसली होती, पायात चप्पल नव्हती. मला म्हणाली, "बाई, मन्हा भाऊ गाडी लई ऱ्हायना, तू जाय." तिचा मेलेला भाऊ तिला न्यायला गाडी घेऊन येत होता.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं आबांना समोर बसवून समजावलं. मेंदू म्हणजे एक कपाट समजा, म्हणाला. वरचे कप्पे आधी रिकामे होतात, तिथं कालपरवाचं ठेवलेलं असतं. खालचे कप्पे शेवटपर्यंत भरलेले राहतात, म्हणून त्यांना लहानपणचं आठवतं. मला ते पटलं. वर्गात मीही असंच सांगितलं असतं. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "कपाटले भूक नही लागत. भीती बी नही लागत."

मग त्यांनी आपल्या पद्धतीनं विचार केला. विकलेली म्हैस जुन्या गोठ्याकडे धावते. ती वाईट नसते, खुळीही नसते, तिच्या पायांना तेवढीच वाट ठाऊक असते. अशा म्हशीच्या गळ्यात घंटा बांधतात, म्हणजे निघाली की कळतं. आबांनी गोठ्यातली घंटा काढून पुढच्या दाराला टांगली. हे मला आवडलं. मी शाळेत सगळ्यांना कौतुकानं सांगितलंसुद्धा. पुढं माय मागच्या दारानं जायला लागली, तेव्हा त्यांनी एक बारकं घुंगरू तिच्या पदराच्या टोकाला शिवलं. तेही मी चालवून घेतलं. पण म्हशीवरून विचार करत निघालेला माणूस घंटेपाशी कसा थांबणार? घंटेच्या पुढं लोढणं असतं, आणि लोढण्याच्या पुढं दावं.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी गावी गेले तर माय खाटेपाशी खाली बसलेली होती आणि तिच्या कमरेला दावं होतं. दुसरं टोक खाटेच्या पायाला. दाव्याला आबांनी जुन्या लुगड्याची चिंधी नीट गुंडाळली होती, म्हणजे काचू नये. गाठ गाभण म्हशीला मारतात ती होती, ओढली तरी आवळत नाही ती. मायचं लुगडं खाली ओलं झालं होतं आणि ती त्या चिंधीचे दोरे एकेक करून काढत होती.

मी विळा आणला आणि दावं कापलं. मग आबांना जे तोंडात येईल ते बोलले. शेजारपाजार दारात आला. "ती म्हैस नही शे, आबा!" असं मी किती वेळा ओरडले कोण जाणे.

आबा खाली मान घालून उभे होते. माझा दम संपल्यावर म्हणाले, "मालूम शे. सकाळे तापीमा गयी व्हती. छातीइतलं पानी व्हतं. म्हैस ऱ्हाती तर आपली आपली बाहेर निंघती."

बंधाऱ्यानं अडवलेलं पाणी आमच्या काठाला वर्षभर असतं. तिला पलीकडे माहेरी जायचं होतं आणि पुलाचा रस्ता तिच्या डोक्यातून गेला होता, म्हणून ती सरळ पाण्यातून निघाली होती. आबांचं धोतर अजून दोरीवर वाळत होतं.  तरी दावं मी चुलीत घातलं. शाळेत बिनपगारी रजा टाकली आणि गावीच राहिले.

त्यानंतर ती कुठं गेली नाही, कारण पायातलं बळच गेलं. आणि मग तिनं जेवण सोडलं.

हे मला लिहायला नको वाटतं. माझ्या हातून ती दोन घास घ्यायची, तिसऱ्याला तोंड फिरवायची. आबा जवळ आले की मिटलेल्या ओठांवर हात ठेवायची. आबांना ती ओळखत नव्हती. एवढंच असतं तर चाललं असतं, पण ती त्यांना घाबरायची. ते खोलीत आले की भिंतीकडे सरकायची आणि मला विचारायची, "हाऊ म्हशीवाला आपला घरमा कसाले येस?" त्या घरात तिनं त्यांच्याबरोबर अख्खा जन्म काढला होता. आबा चौकटीत थांबायचे, ताटली खाली ठेवायचे आणि परत जायचे. तिची मनगटं माझ्या दोन बोटांत मावायला लागली. डॉक्टर म्हणाला, नाकातून नळी घालावी लागेल, आणि ती ओढून काढतात म्हणून हातही बांधावे लागतील. मी हो म्हणून आले. दुसरं काय म्हणणार होते?

आबांना मी ते सांगितलं तेव्हा ते गोठ्यात म्हशीपुढं चारा टाकत होते. हातातला चारा तसाच राहिला. म्हणाले, "भूक नही असं नही. ती पान्हा चोरी ऱ्हायनी."

मला संताप आला. मरायला टेकलेल्या बाईबद्दल हा माणूस अजून कासेच्या भाषेत बोलतो! मी पाय आपटत घरात आले. थोड्या वेळानं आबा मागून आले आणि मायची पत्र्याची पेटी उघडून बसले. तळाशी, तिच्या लग्नातल्या शालूच्या खाली, जुन्या रुमालात गुंडाळलेली मामाची टोपी होती. धुतलेली, घडीवर घडी ठेवून दाबलेली, कापराचा वास येणारी. ती तिथं आहे हे मला ठाऊक नव्हतं. आबांना ठाऊक होतं, असं त्यांच्या हाताकडे पाहून वाटलं, कारण ते शोधत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते न्हाव्याकडे जाऊन मिशी काढून आले. आमच्याकडे घरातलं वडीलधारं गेलं तर पुरुष मिशी काढतात. वाटेत लोकांनी विचारलं, "कोन गयं?" आबा म्हणाले, "कोनी नही." मग त्यांनी साबण लावून अंग घासघासून आंघोळ केली, माझ्याकडून नीळ दिलेला सदरा घेतला आणि टोपी घातली. ते मामासारखे अजिबात दिसत नव्हते. आबा बुटके, रुंद, काळे. मिशीच्या जागी वरचा ओठ पांढराफटक आणि उघडावाघडा दिसत होता. मला हसू येईल अशी भीती वाटली. मग त्या गवत भरलेल्या कातड्याची दोन भोकं आठवली आणि हसू आलं नाही.

ते मायसमोर जाऊन बसले. तिनं आधी टोपीकडे पाहिलं. मग पुढं वाकून सदऱ्याचा वास घेतला.

"भाऊ, उना का तू?"

"उनू," आबा म्हणाले.

"इतला दिन कोठे व्हता?"

"आधी जेवी ले. मंग सांगस."

आणि माय जेवली. दूध-भाकरीचा काला, वाटीभर. थोडं तिच्या हनुवटीवर सांडलं, ते तिनं जिभेनं चाटून घेतलं. मी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहून ओरडून रडावं तशी रडले, फक्त आवाज न करता. नळी घालायची वेळ आली नाही.

पण भोताचं एक असतं. कातड्याचा वास जातो. तो गेला की म्हैस पुन्हा पाय झाडते. आबांना हे माहीत होतं. गोठ्यात जाऊन आले की त्यांच्या अंगाला म्हशीचा वास लागायचा, आणि तो मायला आला की तिच्यासमोर भाऊ न राहता म्हशीवाला उभा राहायचा. दोनदा तसं झालं. तिसऱ्यांदा होऊ नये म्हणून आबांनी म्हशी विकल्या. विसरवाडीकडचा एक व्यापारी टेम्पो घेऊन आला आणि घेऊन गेला. एक म्हातारी, आटलेली म्हैस कुणी घेईना, तेवढी राहिली. तिचं शेणपाणी मी करायला लागले. ज्या माणसानं म्हशीपायी मेव्हण्याची टोपी फेकली, त्यानं ती टोपी घालायला म्हशी काढल्या. मला यात काही समाधान वाटलं नाही. वाटायला हवं होतं का, तेही माहीत नाही.

रोज दोन वेळा ते मामा होऊन बसायचे. माय जेवताना बोलायची. आपल्या भावाशी बोलायची ते, आबांना आजवर एका शब्दानं न सांगितलेलं.

"तुन्ही टोपी मी धुईसन ठेयेल व्हती. तू परत नही उना."

"हा."

"त्या म्हशीवालानी फेकी. मी पानी लई उभी व्हती. तू पानी बी नही पिधं."

आबा पुढचा घास करत राहायचे. एकदा मात्र त्यांनी विचारलं. विचारू नये ते विचारलं, असं मला वाटलं.

"तो वाईट शे का?"

मायनं विचार केला. तोंडातला घास चावून गिळला. "वाईट नही. पन त्यानी माले कधी इचारंच नही." मग टोपीकडे बघत म्हणाली, "यंदा आखाजीले लई जाशी ना?"

"लई जासू."

"लुगडं लई येशी?"

"लई येसू."

त्या दिवशी आबांनी वाटी विसळली, टोपी काढून रुमालात ठेवली आणि गोठ्यात गेले. रिकाम्या दावणीपाशी बसून राहिले. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, ठेव तठे. पहिल्यांदाच मला त्यांची दया आली आणि त्या दयेचाही राग आला. बायकोजवळ बसायला या माणसाला रोज आपण नसावं लागत होतं. स्वतःच्या चेहऱ्यानं तो तिच्या खोलीत पाऊल टाकू शकत नव्हता, आणि तिच्या मनातलं ऐकायचं तर तेही दुसऱ्याच्या टोपीखाली बसून.

मी तोच लहानपणचा प्रश्न विचारला. "आबा, तिले कळत व्हई का, तुम्हीच शेत म्हनून?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "भोतनी कधी म्हैसले इचारं का?" ते म्हणाले आणि चहा उचलला.

ठरल्याप्रमाणे ते शहाद्याला जाऊन लुगडं घेऊन आले. हिरवं, लाल काठाचं, माहेरची माणसं आणतात तसलं. दुकानदारानं कुणासाठी विचारलं तर म्हणाले, बहिणीसाठी. ते मायच्या मांडीवर ठेवलं तेव्हा तिनं काठावरून बोट फिरवलं. आखाजीला नेसेन म्हणाली, आत्ता नको. आबांनी ते तिच्याच पेटीत ठेवलं.

चैत्र संपत आला तसं ऊन भयंकर झालं. मायला घास गिळता येईना, छातीत घरघर लागली, ताप चढला. भावाच्या हातचा घासही आता तोंडातच राहायचा. तो आबा बोटानं बाहेर काढायचे. आखाजी तोंडावर आली असताना, एका दुपारी, माझ्या मांडीवर तिनं श्वास सोडला. आबा समोर बसले होते, टोपी घालून. ते उठले, टोपी काढून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि भिंतीला टेकून बसले, कारण आता लोक येणार होते आणि त्यांना तिचा नवरा म्हणून बसायचं होतं.

लोक आले. बायांनी मायला आंघोळ घातली. मग सगळं अडलं. सवाष्ण गेलेली, तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडायला हवं. भावानं आणायचं, भाऊ नसेल तर भाच्यानं, कुणीतरी तिकडच्यानं. सुरतेला फोन लावला. मामी अंथरुणाला खिळलेली, तिची लेक म्हणाली निघते, पण पोचायला उशीर होईल. बाहेर उन्हानं पत्रे तडतडत होते. अंगणातले पुरुष घड्याळाकडे पाहायला लागले. भावकीतली सगळ्यात म्हातारी काकू म्हणाली, माहेरनं लुगडं नही तर तशीच जाई का ती? कुणी म्हणालं, तिच्या गावचा कुणीही माणूस चालेल, मोटरसायकल पाठवा. कुणी म्हणालं, कुणाला पाठवता, तिथं घराला कुलूप आहे. या सगळ्या बोलण्यात मायकडे कुणी पाहत नव्हतं.

आबा भिंतीपासून उठले. पेटी उघडून लुगडं काढलं आणि मागच्या दारानं बाहेर गेले. मला वाटलं त्यांना घेरी आली असेल, म्हणून मी मागून पाहिलं. ते गोठ्यातून, त्या म्हाताऱ्या म्हशीच्या अंगाला घासून, गल्लीत उतरले. तिथं थांबून खिशातली टोपी काढली, दोन्ही हातांनी नीट डोक्यावर बसवली. मग वळसा घालून घराच्या पुढच्या बाजूला आले.

अंगणातल्या माणसांनी आपोआप वाट दिली. आबा पायरीपाशी येऊन थांबले, दोन्ही हातांवर ते हिरवं लुगडं धरून. उंबरा ओलांडला नाही. बाहेरगावचा पाहुणा थांबतो तसे थांबले, कुणी या म्हणेपर्यंत.

कुणीच म्हणालं नाही. एक जण शेजाऱ्याच्या कानाशी लागून म्हणाला, म्हातारानं बी डोकं गयं. काकू पुढं आली आणि हात आडवा करून म्हणाली, "हाई चालत नही. नवराना हातनं माहेरनं लुगडं ऱ्हास का कुठे?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते आत पाहत होते, माय ठेवली होती तिकडे. उघड्या पडलेल्या वरच्या ओठावर घाम आला होता. त्यांना तसंच कुणी परत पाठवलं असतं, तर ते बोडक्यानं फाट्यापर्यंत चालत गेले असते, याबद्दल मला शंका नव्हती.

मी उठले. मोरीतला तांब्या भरला आणि काकूच्या आडव्या हाताखालून पायरीवर गेले.

"मामा, या," मी म्हणाले. "पाय धुवा."

आबांनी पाय पुढं केले. त्यांना गोठ्यातलं शेण लागलं होतं. ते निघेपर्यंत मी पाणी ओतत राहिले.